मातीच्या पोटातलं पाणी ओळखणारा माणूस : कार्ल टेरझागी

सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव परीक्षेच्या आदल्या रात्री कधी ना कधी पाठ केलेलं असतं. टेरझागीची बेअरिंग कपॅसिटी, टेरझागीची कन्सॉलिडेशन थिअरी, तिच्या असम्प्शन्स लिहा, आकृती काढा. पेपर संपला की नावही डोक्यातून जातं. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या मुलांनी तर ते ऐकलेलंही नसेल. पण आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात जे घडतंय ते समजून घ्यायचं असेल तर या माणसाची ओळख सगळ्याच ब्रँचेसनी करून घ्यायला हवी, असं मला वाटतं.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. नेहमीच्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली. आणि माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडची बातमी आली.

अशा प्रत्येक वेळी मेसमध्ये, पेपरात, टीव्हीवर आपण एकच कारण ऐकतो. पाऊस फार झाला, माती निसरडी झाली आणि डोंगर घसरला. यातली पाऊस फार झाला ही गोष्ट खरी आहे. डोंगर घसरला हेही खरं आहे. पण मधलं निसरडेपणाचं कारण चूक आहे आणि ते चूक का आहे हे टेरझागींनी १९५० मध्येच लिहून ठेवलं आहे. त्या एका मुद्द्यापर्यंत पोचायला त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं.

कार्ल टेरझागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरात झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करात अधिकारी. त्यामुळे मुलानेही लष्करातच जायचं हे जवळपास ठरलेलं होतं आणि दहाव्या वर्षीच त्याची रवानगी लष्करी बोर्डिंग स्कूलमध्ये झाली. तिथे कार्लला शिस्तीपेक्षा भूगोल आणि आकाशातले तारे जास्त आवडू लागले. लष्करी करिअर बाजूला ठेवून १९०० मध्ये त्याने ग्राझच्या टेक्निकल कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. म्हणजे ज्याला आपण सॉईल मेकॅनिक्सचा जनक म्हणतो तो मूळचा मेकॅनिकलचा, हे आपल्या मेकॅनिकलच्या मित्रांनी कॉलर ताठ करून सांगायला हरकत नाही!

कॉलेजातला कार्ल काही आदर्श विद्यार्थी नव्हता. मारामाऱ्या, पार्ट्या, खोड्या, सगळं करून झालं. एकदा तर कॉलेजातून काढून टाकायचीच वेळ आली होती, थोडक्यात वाचला. पण त्याच काळात तो डोंगर चढायला लागला आणि स्वतःच्या आवडीने जिऑलॉजीचे तास करू लागला. मशीन शिकता शिकता त्याची नजर खडकाकडे आणि मातीकडे वळली. १९०४ मध्ये तो पदवीधर झाला. सक्तीच्या लष्करी नोकरीच्या वर्षात त्याने फिल्ड जिऑलॉजीवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं जर्मन भाषांतर करून टाकलं.

पुढे बांधकामाच्या नोकरीत क्रोएशिया झालं, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग झालं. जिथे जाल तिथे एकच अनुभव. स्टील आणि काँक्रीटचं गणित जमायचं, पण ज्या मातीवर ते उभं राहायचं तिचं गणित कुणालाच येत नव्हतं. पाया खचायचा, धरणाखालून पाणी फुटायचं, कापलेला उतार ढासळायचा आणि मग सगळे नशिबाला दोष द्यायचे. १९१२ मध्ये टेरझागी अमेरिकेला गेले. तिथे तेव्हा मोठमोठी धरणं बांधली जात होती. एकेका साईटवर जाऊन खालची जमीन कशी होती आणि बांधकामाचं पुढे काय झालं याची नोंद करायची, पुरेशा नोंदी जमल्या की नियम आपोआप सापडेल, अशी त्यांची कल्पना होती. जवळजवळ दोन वर्षं हिंडून १९१३ च्या अखेरीस ते निराश होऊन परतले. नियम काही सापडला नाही. कारण एका साईटवरची चिकणमाती आणि दुसऱ्या साईटवरची चिकणमाती फक्त नावाने सारखी होती. मातीला नाव होतं, नंबर नव्हता.

मग पहिलं महायुद्ध आलं. टेरझागी इंजिनिअर अधिकारी म्हणून सर्बियाच्या आघाडीवर होते. १९१६ मध्ये त्यांना तुर्कस्तानात इस्तंबूलच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक म्हणून पाठवलं गेलं. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान दोघेही युद्ध हरले आणि नोकरी गेली. त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेने त्यांना शिकवायचं काम दिलं. हातात पैसा नाही, देश हरलेला, पस्तिशी आलेली. अशा वेळी त्यांनी मातीवर कोणकोणते प्रयोग करायला हवेत याची यादी एका कागदावर लिहून काढली आणि कामाला लागले. लॅब म्हणजे काय, तर भंगारातून जमवलेल्या वस्तू, सिगारचे रिकामे डबे आणि किचनमधली भांडी. आपल्या लॅबमध्ये एखादं इन्स्ट्रुमेंट बंद असलं की आपण प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून खूश होतो. टेरझागींनी जगातल्या एका नव्या शास्त्राची सुरुवात सिगारच्या डब्यांपासून केली.

या प्रयोगांतून जे निघालं ते ऐकायला अगदी साधं आहे. ओल्या मातीवर भार टाकला की तो दोघांत वाटला जातो. काही भार मातीचे कण एकमेकांना टेकून उचलतात आणि काही भार कणांच्या मधल्या फटींतलं पाणी उचलतं. मातीची ताकद मात्र फक्त पहिल्या वाट्यावर अवलंबून असते. कारण कण कणाला घट्ट दाबला गेला तरच घर्षण तयार होतं. पाण्याला घर्षण माहीतच नाही. कणांच्या वाट्याला आलेल्या दाबाला आपण इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतो आणि पाण्याच्या वाट्याला पोअर प्रेशर.

हे समजायला वारणा नदी पुरे आहे. घोटाभर पाण्यात उभे राहिलात तर पाय घट्ट रोवलेले असतात. तेच गळ्यापर्यंत पाण्यात गेलात की तुमचं वजन जेवढ्यास तेवढं असूनही पायाखाली ग्रिप राहत नाही. हलकासा धक्का लागला तरी माणूस वाहून जातो. तळ निसरडा झाला म्हणून नव्हे, तर पाण्याने तुमचा भार स्वतःवर घेतला म्हणून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांनी मदतकार्य केलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. डोंगरावरच्या मातीचंही अगदी हेच होतं. फक्त ते आतमध्ये होतं, त्यामुळे बाहेरून दिसत नाही.

१९२५ मध्ये टेरझागींचं मातीच्या यांत्रिकीवरचं जर्मन ग्रंथरूपी काम व्हिएन्नाहून प्रसिद्ध झालं आणि सॉईल मेकॅनिक्स हा विषय जन्माला आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने त्यांना बोलावून घेतलं. १९२९ मध्ये ते व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून परतले. १९३० मध्ये त्यांनी रूथ डॉगेट या अमेरिकन जिऑलॉजिस्टशी लग्न केलं. रॉक मेकॅनिक्समध्ये टेरझागी करेक्शन म्हणून जे शिकवतात ते कार्लचं नसून या रूथबाईंचं आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

मोठ्या माणसाच्या चरित्रात सगळंच गोड नसतं. व्हिएन्नातच पॉल फिलुंगर नावाचे दुसरे प्राध्यापक होते. सच्छिद्र पदार्थातल्या पाण्याच्या दाबावर त्यांनी टेरझागींच्याही आधी काम केलं होतं. १९३६ मध्ये त्यांनी पुस्तिका छापून टेरझागींच्या थिअरीवर आणि त्यांच्या प्रामाणिकपणावरही जोरदार हल्ला केला. प्रकरण चौकशी समितीकडे गेलं. समितीचा कौल टेरझागींच्या बाजूने लागला आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर पतिपत्नीने आत्महत्या केली. विज्ञानातला वाद माणसांपर्यंत पोचला की काय होतं, याचं हे वाईट उदाहरण आहे. थिअरी बरोबर ठरली, पण तिच्या मागे ही सावली राहिलीच.

१९३६ मध्येच हार्वर्डला सॉईल मेकॅनिक्सची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि टेरझागी तिचे अध्यक्ष झाले. पुढे १९५७ पर्यंत ते त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी ते कुटुंबासह अमेरिकेत हार्वर्डला आले आणि तिथलेच झाले. राल्फ पेक यांच्याबरोबर १९४८ मध्ये लिहिलेलं त्यांचं पुस्तक आजही आपल्या लायब्ररीत सापडेल. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या सोसायटीचं नॉर्मन मेडल त्यांना चार वेळा मिळालं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५० मध्ये टेरझागींनी दरडी कशा कोसळतात यावर एक मोठा निबंध लिहिला. पाणी वंगणासारखं काम करतं ही समजूत त्यांनी त्यात खोडून काढली. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत असा मांडता येईल. वंगण व्हायला पाण्याचा पातळ थर पुरतो आणि पावसाळी प्रदेशात तेवढी ओल मातीच्या कणांवर जवळजवळ नेहमीच असते. निसरडेपणा हेच कारण असतं तर पहिल्या वळवालाच सगळे डोंगर खाली यायला हवे होते. ते तसे येत नाहीत. ते येतात आतल्या पाण्याचा दाब चढल्यावर. मेकॅनिकलवाल्यांनी हायड्रॉलिक जॅक आठवावा. खालून दाब आला की वरचं ओझं उचललं जातं.

एक छोटं गणित करून बघा, सेकंड इयरचं मॅथ्स पुरतं. समजा डोंगराचा उतार २५ अंश आहे. त्यावर ३ मीटर जाडीचा मातीचा थर आहे, खाली कातळ. मातीचा घर्षणकोन ३२ अंश, चिकटपणा शून्य धरू, वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर. थरात पाणी साचलेलं नसेल तर फॅक्टर ऑफ सेफ्टी येतो १.३४, म्हणजे उतार आरामात उभा आहे. आता कातळावर पाणी साचून दीड मीटर चढलं आणि उताराला समांतर वाहू लागलं की तोच फॅक्टर होतो १.०१. म्हणजे फक्त नशिबावर उभा. पाणी पूर्ण ३ मीटर भरलं तर ०.६८, पण तो आकडा येण्याआधीच उतार खाली आलेला असतो. लक्षात घ्या, ३२ अंशांचा कोन तिन्ही वेळा तोच आहे. माती अजिबात निसरडी झालेली नाही. बदललं ते फक्त आतलं पाणी.

दिवाळीत आपण मातीचे किल्ले करतो तेव्हा याचीच दुसरी बाजू दिसते. माती थोडी ओलसर असली की कडा सरळ उभा राहतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. लहान भावाने वरून तांब्याभर पाणी ओतलं की शिवनेरी बसलाच समजा. ओढणारं पाणी ढकलणारं झालं.

मग एकूण पाऊस महत्त्वाचा की एका दिवसाचा? होस्टेलच्या बाथरूमची मोरी डोळ्यासमोर आणा. नळ दिवसभर बारीक चालू असला तरी मोरी तुंबत नाही. एकदम चार बादल्या ओतल्या की पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. सह्याद्रीतल्या उतारांनी शेकडो वर्षं खूप पाऊस पाहिलेला आहे. पण हळूहळू पडलेलं पाणी ओढ्यांतून, झऱ्यांतून निघून जायला वेळ मिळतो. आधीच भिजलेल्या डोंगरावर एका दिवसात प्रचंड पाणी पडलं तर ते निघून जाण्याआधीच दाब चढतो. मातीचा थर पातळ असेल तर काही तासांचा जोरदार पाऊसही पुरतो. थर खोल असेल तर आठवडेच्या आठवडे चाललेली झड घात करते. २२ जुलै २०२१ ला सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटाच्या त्याच पट्ट्यात खाली महाड तालुका आहे आणि तळिये त्याच दिवशी गेलं. त्याआधी जुलै २००५ मध्येही महाड भागात जुई आणि दासगावला असंच घडलं होतं.

असे दिवस आता वाढत चालले आहेत, हा नवीन भाग आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. कारण अवघड नाही. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. जास्त वाफ म्हणजे पाऊस आला की एकदम येणार. माणसाने डोंगर कापून रस्ते केले, उतारावर सपाटीकरण केलं, ओढ्यांच्या वाटा बुजवल्या, की त्याच पावसाला कमी वेळात जास्त काम करता येतं. म्हणजे आजोबांच्या काळात डोंगर कधी हलला नाही, हा पुरावा आता पुरेसा राहिलेला नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादी चुकू शकते, गणितही चुकू शकतं, हे टेरझागींना पक्कं माहीत होतं. म्हणूनच म्हातारपणी ते थिअरीपेक्षा निरीक्षणावर जास्त भर देऊ लागले. त्यांची पद्धत अशी की आधी अंदाज बांधायचा, मग जमिनीत मोजमापाची साधनं बसवायची, काम चालू असताना पाण्याचा दाब आणि हालचाल मोजत राहायची आणि आकडे वेगळं सांगू लागले तर डिझाइन बदलायचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात त्यांनी चीकॅमसचं धरण जुन्या दरडीच्या मलब्यावर उभारायला मदत केली ती अशीच. तिथल्याच मिशन डॅमखाली मऊ चिकणमातीचा थर होता. ते धरणही मोजत मोजतच उभं राहिलं. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते, पण सोव्हिएत डिझाइनवरून मतभेद झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी पद सोडलं. पटत नसलेल्या कामावर सही न करणं हेही इंजिनिअरिंगच आहे.

९ ऑक्टोबर १९६३ ला इटलीतल्या व्हायाँट धरणाच्या जलाशयात अख्खा डोंगर घसरला. धरण उभंच राहिलं, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने सुमारे दोन हजार माणसं गेली. त्यानंतर सोळाच दिवसांनी, २५ ऑक्टोबर १९६३ ला, टेरझागींचं अमेरिकेत निधन झालं. १९६५ मध्ये मिशन डॅमला त्यांचं नाव देण्यात आलं.

आपण वारणानगरला राहतो. मागे पन्हाळा, पलीकडे जोतिबा. दोन्हींच्या माथ्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र, तो पाणी खाली सोडतो. त्याखाली मऊ, मातकट थर आणि मग काळा कातळ. टेरझागींच्या गणितासाठी याहून चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०२१ च्या जुलैमध्ये पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी पाहिलं आहे.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच तेच विषय घेण्यापेक्षा एखादा उतार निवडू. त्यावर एक पर्जन्यमापक ठेवू. जमिनीत छिद्रांचा पाइप उभा पुरून आत पाणी किती चढलं ते पावसाळाभर रोज लिहू. खर्च फार नाही. टेरझागींच्या सिगारच्या डब्यांपेक्षा आपल्याकडे नक्कीच जास्त साहित्य आहे. घाटातून जाताना रिटेनिंग वॉलची वीप होल्स गवताने आणि मातीने बुजलेली दिसली तर ती आतलं पाणी कोंडतायत हे ओळखू आणि ग्रामपंचायतीला सांगू. गावी गेल्यावर डोंगरमाथ्यावर नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, तिरके होत चाललेले खांब आणि झाडं दिसली तर गप्प बसायचं नाही. अशा वेळी रात्रीपुरतं शाळेत जाऊन झोपणं यात भित्रेपणा नाही.

माळीणमधल्या माणसांना त्यांच्या डोंगराच्या पोटात किती पाणी साचलंय हे सांगणारं कुणी नव्हतं. ते कसं मोजायचं हे मात्र जगाला कधीच माहीत झालं होतं आणि आपण तर ते परीक्षेसाठी शिकतोही. पुढच्या वेळी टेरझागींच्या थिअरीवर आठ मार्कांचा प्रश्न आला तर तो जरूर सोडवा. पण पाऊस लागला की एकदा डोंगरावर जाऊन पाइपातलं पाणीही बघून या.